गेलो पंख्याचे विमान पाहायला



हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा गळीत हंगाम ऐन भरात असेल. अशा दिवसांत तोडणी, वाहतूक, खोडव्याची निगा हे विषय सोडून विमानावर लिहायला बसलो म्हणजे काही मंडळींना म्हातारचळ वाटेल. संपादकांनाही प्रथम तसेच वाटले असावे. पण "तुम्ही तीस वर्षे शेतकी खात्यात ऊसनोंदी केल्या, आता एका विमानाची नोंद करून द्या," असे म्हणून त्यांनी ही दोन पाने मोकळी करून दिली. त्यांचा आभारी आहे.

विषय तसा साखरेला सोडून नाही. सोलापूरच्या होटगी रोडवर लहानसा विमानतळ आहे आणि त्याच अंगाला श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखाना आहे. त्या कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची सुमारे नव्वद मीटर उंचीची चिमणी विमानांच्या वाटेत येते, यावरून कित्येक वर्षे वाद चालला होता. शहरातले व्यापारी-उद्योजक म्हणत, विमान आल्याखेरीज सोलापूर वर येणार नाही. कारखान्याचे सभासद म्हणत, आमच्या घामाची चिमणी पाडण्यापेक्षा बोरामणीचा नवा विमानतळ पुरा करा. बोरामणीला जमीन घेतली गेली, पण माळढोक आणि वनजमीन यांच्या प्रश्नात ते काम अडकून पडले. उपोषणे झाली, मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी १५ जून २०२३ रोजी चिमणी पाडण्यात आली. ती पडतानाचे चित्र आपण सर्वांनी मोबाईलवर पाहिले आहे. उभी करायला किती महिने लागले असतील. जमीनदोस्त व्हायला क्षणही लागला नाही.

कोणाचे बरोबर, कोणाचे चूक, हा निवाडा करायला मी बसलेलो नाही. माझी अडचण निराळी आहे. माझी लेक त्या कारखान्याच्या कार्यक्षेत्रात दिलेली आहे. माझे व्याही तिथले जुने सभासद. आणि आम्हा दोघांचा जो एकुलता एक नातू, इयत्ता नववी, त्याला विमानांचे वेड! शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर विमानांची नावे, आसनसंख्या, शेपटीवरची अक्षरे. आपण जशी जातवार ऊसनोंद ठेवतो, को ८६०३२ इतके एकर, को-एम ०२६५ इतके एकर, तशी याची विमानांची नोंद.

दिवाळीला लेक माहेरी आली होती. २०२५ सालची दिवाळी. सप्टेंबरात सीना नदीला पूर येऊन गेलेला, नदीकाठच्या शिवारात अजून ऊस लोळलेला, त्यामुळे सणाला तसा जोर नव्हता. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी लेकीला आणि नातवाला सासरी पोहोचवायला गेलो. रात्री जेवणे झाली आणि नातवाने विषय काढला, "आबा, उद्या मला विमान दाखवायला नेता?"

मी व्याह्यांकडे पाहिले. त्यांचे घर विमानतळापासून काही लांब नाही, मोटारसायकलने जेमतेम अर्धा तास. इतक्या दिवसांत पोराला नेले कसे नाही, असे माझ्या मनात आले. त्यांनी ते ओळखले. म्हणाले, "पाव्हणं, तुम्ही न्या त्याला. मी त्या अंगाला जात न्हाई."

एवढेच बोलले आणि सुपारी कातरत बसले. मग मीही पुढे काही विचारले नाही.

आता विमानाची थोडी माहिती देतो. सोलापूरच्या विमानतळाची दुरुस्ती, नवे टर्मिनल वगैरे होऊन पंतप्रधानांनी २९ सप्टेंबर २०२४ रोजी दूरदृश्य पद्धतीने त्याचे उद्घाटन केले. ९ जून २०२५ रोजी गोव्याचे विमान सुरू झाले. कंपनी फ्लाय९१, मुक्काम गोव्याचा मोपा विमानतळ, आणि विमान एटीआर ७२. हे फ्रान्स आणि इटली या दोन देशांनी मिळून काढलेल्या कारखान्याचे विमान. लहान गावांना जोडायला जगभर तेच वापरतात. पंख वरच्या बाजूला, पंखांखाली दोन इंजिने आणि प्रत्येकाला सहा पात्यांचा पंखा. म्हणून आपली माणसे त्याला पंख्याचे विमान म्हणतात.

पंखा दिसतो म्हणून कोणी त्याला जुन्या काळचे समजू नये. आपल्या मिलचे टर्बाइन ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते चटकन कळेल. आपल्याकडे बॉयलरची वाफ टर्बाइन फिरवते, टर्बाइनचा वेग गिअरबॉक्समध्ये कमी होतो आणि मिलचा रोलर फिरतो. इथे वाफेच्या जागी जळत्या इंधनाचा तप्त वायू आणि रोलरच्या जागी पंखा, बाकी जातकुळी तीच. इंधन कमी लागते आणि पूर्ण भाराने उडायलाही तेरा-चौदाशे मीटर धावपट्टी पुरते. आणखी एक गंमत नातवाने सांगितली. जमिनीवर उभे असताना या विमानाचे उजवे इंजिन चालूच ठेवता येते, फक्त त्याचा पंखा ब्रेक लावून धरतात. मग आतले दिवे आणि गारवा चालू राहतो, वेगळे यंत्र लागत नाही. बैल जुंपलेले ठेवून गाडीला खुट्टी लावावी तसे!

दुसऱ्या दिवशी सकाळी जावयांची मोटारसायकल, फडक्यात बांधलेली भाकरी आणि शेंगाची चटणी, आणि माझ्या धाकट्या मुलाचा कॅमेरा घेऊन आम्ही निघालो. धाकटा लग्नाचे फोटो काढतो, त्याने लांबच्या भिंगासकट कॅमेरा विश्वासाने दिला होता. माझ्या तरुणपणी मी क्लिक थ्री कॅमेरा वापरलेला. एका रोलमध्ये बारा फोटो. चुकला की पैसे गेले. हा नवा कॅमेरा हातात धरायलाच मला धास्ती वाटत होती.

नातवाने मात्र आदल्या रात्रीच सगळी जुळवाजुळव करून ठेवली होती. तो म्हणाला, पंख्याच्या विमानाचा फोटो घेताना कॅमेऱ्याची झडप फार झटकन मिटता कामा नये. सेकंदाचा हजारावा भाग ठेवला तर पाती जागच्या जागी थिजलेली दिसतात, विमान हवेत बंद पडल्यासारखे वाटते. म्हणून सेकंदाचा सव्वाशेवा भाग ठेवायचा आणि विमानाबरोबर कॅमेरा हळूहळू फिरवत न्यायचा. मग पंख्याचे गोल चक्र उमटते. ऐकायला सोपे. करायला हात बकासुराचा आणि श्वास योग्याचा पाहिजे.

होटगी रोडला पोहोचलो. कुंपणाला चिकटून उभे राहणे बरे नव्हे म्हणून तिथल्या पोलिसाला रीतसर विचारले. त्यांनी पोराची वही चाळली, हसले, आणि सांगितले की आतल्या बाजूचे, बंदोबस्ताचे फोटो घेऊ नका. रस्त्याच्या पलीकडे झाडाखाली थांबा आणि आकाशातले विमान घ्या. आम्ही तसे केले.

दहा वाजले, अकरा वाजले. आकाशात घारी तेवढ्या फिरत होत्या. नातू फोनवर विमानाचा माग काढायला बघत होता, पण रात्री चार्जिंगला लावलेला फोन बटण बंद राहिल्यामुळे चार्जच झाला नव्हता. शेवटी शेजारच्या टपरीवर चहा घेताना चहावाल्याने विचारले, "गोव्याच्या विमानाला थांबलाय काय? आज त्याचा वार न्हाई की!"

वार चुकला होता. चूक सर्वस्वी माझी. आदल्या रात्री नातवाने मला विचारले होते, "आबा, उद्या कोणता वार?" सणासुदीत निवृत्त माणसाला वाराचे भान राहत नाही, मी ठोकून दिले. गोव्याचे विमान रोज येत नाही, ठरल्या वारीच येते, हे त्याला माहीत होते. पण वार मी सांगितला होता आणि त्याने आबांवर विश्वास ठेवला होता. पोर काही बोलले नाही. कॅमेऱ्याचे झाकण लावले आणि वहीत उगाच रेघोट्या ओढत बसले. ऊसतोडीची तारीख चुकवून शेतकऱ्यासमोर उभे राहायची पाळी नोकरीत माझ्यावर एकदा आली होती. तेव्हा वाटले नव्हते इतके त्या झाडाखाली ओशाळवाणे वाटले.

"भाकरी खाऊ आणि निघू," मी म्हणालो.

सावलीत बसलो. बसल्या जागेवरून मी चिमणी शोधली. डोळ्यांची सवय! पूर्वी सोलापूरला येताना लांबून ती दिसायची आणि माणूस म्हणायचा, आले सोलापूर. आता तिथे नुसते आभाळ. मी नातवाला विचारले, एका चिमणीने एवढ्या मोठ्या आकाशात अडचण ती काय होणार? त्याने वहीत त्रिकोण काढून दाखवला. विमान उतरताना साधारण तीन अंशांच्या उताराने येते. म्हणजे एक किलोमीटर पुढे येताना बावन्न मीटर खाली. धावपट्टीच्या टोकावरून ते पंधरा मीटरवरून जाते असे धरले, तर टोकाच्या एक किलोमीटर अलीकडे ते जमिनीपासून सत्तर मीटरसुद्धा उंच नसते. शिवाय त्या वाटेच्या खाली आणि दोन्ही बाजूंना मोकळीक ठेवावी लागते. ढग असतील, एक इंजिन बंद पडेल, वारा ढकलेल. हे सर्वसाधारण गणित झाले. आपल्या कारखान्याच्या चिमणीवर रात्री तांबडा दिवा कशाला लागतो, असे लहान मुले विचारतात. तो याच हिशेबातला आहे.

मला गणित पटले. तरीसुद्धा घास घशाखाली उतरताना व्याह्यांची सुपारी कातरण्याची कटकट कानात येत होती. गणित पटणे निराळे.

दुपार कलायच्या सुमारास आम्ही आवराआवर केली. मोटारसायकलला किक मारणार, तोच नातू ओरडला, "आबा, थांबा! गाडी बंद करा!"

आवाज आला. पंख्याची घरघर नव्हती ती. फाडल्यासारखा, बारीक शिट्टीचा आवाज. उन्हात एक ठिपका चमकला, त्याचे दोन दिवे झाले, आणि बघता बघता विमान खाली आले. पंख खालच्या बाजूला, पंखांखाली दोन गोल इंजिने, पंख्याचा पत्ता नाही. जेट!

नातू नुसता थरथरत होता. "एम्ब्राएर! आबा, एम्ब्राएर १७५!" झाकण काढायला त्याचे हात चालेनात. मीच काढून दिले. खटखट खटखट त्याने दहा-बारा फोटो ओढले. विमान डोक्यावरून गेले, धावपट्टीला टेकले, मागून धूळ आणि उष्ण वाऱ्याचा झोत आला, आणि टपरीवरचे चार लोक उठून उभे राहिले. हे मुंबईचे विमान होते. कोल्हापूरकडच्या घोडावत उद्योगसमूहाच्या स्टार एअर कंपनीने १५ ऑक्टोबर २०२५ पासून सोलापूर-मुंबई सेवा सुरू केली होती. मी बातमी वाचली होती, पण विमान मुंबईचे असो की गोव्याचे, लहान गावाला येणारे ते पंख्याचेच असणार, असे धरून चाललो होतो. नातवाला सेवा सुरू झाल्याचे माहीत होते; ते कुठल्या वारी आणि किती वाजता येते, ते मात्र त्या बंद फोनमध्ये राहिले होते.

मग फोटो पाहिले. सगळे हललेले! कॅमेरा पंख्याच्या विमानासाठी सव्वाशेव्या भागावर लावलेला, आणि जेट त्या मानाने वेगात, पोराचा हात थरथरणारा. एकातही विमान धड नाही. पांढरे पट्टे, ऊस झोडपून काढणाऱ्या पावसासारखे. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. मी म्हणालो, "अरे, ते जाणार आहे की परत. सत्तर-पाऊणशे माणसे उतरवून चढवायला वेळ लागणारच. ठेव तो तुझा हजारावा भाग आणि बस."

त्या मधल्या वेळात त्याने मला जे सांगितले, ते या पत्रिकेत येण्याजोगे आहे.

हे विमान बनते ब्राझीलमध्ये. ब्राझील म्हणजे उसाचे आगर, जगात सर्वांत जास्त ऊस पिकवणारा देश. तिथल्या सरकारने १९६९ साली एम्ब्राएर कंपनी काढली. पुढे १९७५ पासून त्या देशाने उसाच्या अल्कोहोलवर मोटारी चालवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, हे आपल्या आसवनीवाल्यांना माहीतच आहे. पण याच कंपनीचे इपानेमा नावाचे पिकांवर औषध फवारणारे छोटे विमान आहे, आणि २००४ साली त्याला शुद्ध इथेनॉलवर उडण्याचा परवाना मिळाला. नेहमीच्या उत्पादनातले असे ते जगातले पहिले विमान. म्हणजे उसाच्या शेतावर औषध मारायचे आणि उसाच्याच इंधनावर उडायचे!

अर्थात मोठ्या जेटमध्ये इथेनॉल सरळ ओतून चालत नाही. त्यात दर किलोमागे ऊर्जा कमी, आणि वर थंडीत टिकेल असे इंधन लागते. म्हणून अल्कोहोलमधले पाणी-प्राणवायू काढून, त्याचे रेणू एकमेकांना जोडून, विमानाच्या केरोसीनसारखेच इंधन बनवतात. आपल्या महाराष्ट्रात हे काम पुण्याच्या प्राज कंपनीने केले. त्यांच्या मळीपासून केलेल्या इंधनाचा थोडा अंश मिसळून १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला प्रवासी विमान गेले. अंश थोडा, एक टक्क्यापर्यंतच. पण प्रवासी बसलेले होते आणि विमान पोहोचले. २०२७ पासून परदेशी जाणाऱ्या विमानांत असे इंधन एक टक्का मिसळायचे, असे लक्ष्य केंद्र सरकारने जाहीर केले आहे.

तारखा पाहा. १९ मे २०२३ ला उसाच्या मळीवर विमान उडाले. १५ जून २०२३ ला विमानासाठी कारखान्याची चिमणी पडली. मध्ये चार आठवडेसुद्धा पुरते नाहीत. मी हे बोलून दाखवले तेव्हा नातू म्हणाला, "म्हणूनच मी दोन्ही तारखा एका पानावर लिहिल्यात." त्याने वही उघडून दाखवली. खरेच लिहिल्या होत्या.

तेवढ्यात विमान वळले. धावपट्टीच्या टोकाला जाऊन थांबले, आवाज चढला, आणि सुटले. सोलापूरची धावपट्टी जेमतेम दोन किलोमीटरच्या पुढची. पण मुंबई जवळ, इंधन थोडे, म्हणून भागते. पोराने या खेपेला घाई केली नाही. गुडघा टेकला, कोपर छातीशी घेतले, आणि मोजून चार फोटो काढले. पहिल्यात शेपूट कापलेली. दुसऱ्यात विजेची तार आडवी. चौथ्यात विमान फार लांब. तिसरा मात्र असा, की खिडकी अन् खिडकी मोजून घ्यावी. पोटाखालची चाके अर्धी मिटलेली, मागे व्हीटीने सुरू होणारी नोंदणीची अक्षरे स्पष्ट, आणि भोवती स्वच्छ निळे आभाळ.

घरी परतलो तेव्हा दिवेलागण झाली होती. व्याही ओसरीवर बसले होते. हंगाम, उसाचे दर, पुरात गेलेली बांधावरची मोटार, असे इकडचे तिकडचे बोलणे झाले. नातू कॅमेरा घेऊन खांबाआड उभा होता. दाखवावे की नाही, त्याला कळेना. मीच म्हटले, दाखव आज्जाला.

व्याह्यांनी चष्मा पुसला आणि कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "ह्ये पंख्याचं न्हवं."

"नाही आज्जा. जेट आहे. ब्राझीलचं."

"ब्राझील म्हंजे त्ये साखरवाले?"

"तेच."

मग पोराने त्यांना मळीच्या इंधनाची सगळी हकीकत सांगितली, पुणे-दिल्लीसकट. तारखा मात्र सांगितल्या नाहीत. व्याही ऐकत होते. एकदाच मध्ये विचारले, "मळीचा भाव काय लागंल मग?" यावर नातवापाशी उत्तर नव्हते आणि माझ्यापाशीही नाही.

त्यांनी फोटो पुन्हा पाहिला. बोट काचेच्या उजव्या कडेवर ठेवले, तिथून किंचित बाहेर, कॅमेऱ्याच्या काळ्या कडेवर नेले.

"चिमणी हितं असती," ते म्हणाले. "फोटोत आली नसती. जरा बाजूला."

मग कॅमेरा नातवाच्या हातात देऊन म्हणाले, "त्ये पंख्याचं कुठल्या वारी येतंय म्हनलास?"

नातवाने वार सांगितला. व्याह्यांनी उठून भिंतीवरच्या कारखान्याच्या दिनदर्शिकेपाशी जाऊन तो वार पाहिला, आणि आत जेवणाची पाने घ्यायला सांगितली.